आग्रहाचा निर्देशांक

वैनगंगेच्या पश्चिम तीरावर ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली आणि पूर्व तीरावर वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी असा जो धानाचा मुलूख, म्हणजे झाडीपट्टी, पसरला आहे, त्यात माणूस जेवला किंवा नाही याचा निवाडा पोटाकडे पाहून होत नाही, भाताकडे पाहून होतो. पाहुण्याने चार पोळ्या, वाटीभर झुणका, दोन भरली वांगी आणि वर पापड इतका ऐवज उदरस्थ केलेला असला, तरी तेवढ्यावर तो हात धुवायला उठू लागला की यजमानाच्या मुद्रेवर काहीतरी अशुभ घडल्याची छाया पसरते, आणि घरातील वडीलधारी बाई स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारते, "भात नाही खाल्ला त जेवन झाला का जी?" या प्रश्नाला आजवर कोणाही पाहुण्यास समर्पक उत्तर सापडलेले नाही, तो निमूटपणे पुन्हा मांडी घालतो. वरोरा, भद्रावती, राजुरा या बाजूची कापूस-ज्वारीच्या रानातली माणसे भाकरीवर तृप्त होऊ शकतात, हे झाडीपट्टीला ठाऊक आहे; पण त्याकडे ती परधर्मसहिष्णुतेच्या नजरेने पाहते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांद्याचे, म्हणजे पुढे ज्याला चंद्रपूर म्हणू लागले त्या जिल्ह्याचे, विभाजन होऊन गडचिरोली निराळा निघाला, तेव्हा कचेऱ्या, दप्तरे, कारकून आणि खुर्च्या यांची रीतसर वाटणी झाली; भात मात्र अविभक्त राहिला.

या मुलखाने भाताची केवळ भक्ती केली असे नाही, त्यात स्वतःची भरही घातली. नागभीड तालुक्यातील नांदेड या लहानशा गावचे दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंतचे आणि जमीन दीड एकराच्या आतबाहेर. परंतु १९८३ साली 'पटेल ३' वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या, त्या त्यांनी वेगळ्या काढून जपल्या, पुढे पुन्हा पुन्हा पेरल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचा, चवीचा असा एक तांदूळ सिद्ध झाला. व्यापाऱ्याने त्याला त्या काळी मनगटामनगटावर मिरवणाऱ्या घड्याळाचे 'एचएमटी' हे नाव दिले. घड्याळे बनविणारा तो सरकारी कारखाना २०१६ मध्ये बंद पडला, दादाजीही २०१८ साली गेले. तांदूळ मात्र अद्याप घरोघर वेळेवर शिजतो आहे. ज्या भूमीत एका अल्पभूधारकाने तांदळाचा वाण निर्माण केला, त्या भूमीत कोणी परका वैद्य येऊन "भात कमी करा" असे सांगू लागला, तर त्याचे स्वागत कितपत आदराने होईल, याची कल्पना सुज्ञ वाचकाने करावी.

आणि तरीही तो वैद्य आलाच. भारतात मधुमेही किती, याची मोठी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा आकडा १० कोटी १० लाखांच्या घरात निघाला. शहरातले श्रीमंत दुखणे म्हणून ज्याची आजवर बोळवण केली जात असे, ते आता तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचले असून "त्याले शुगर निंघाली" हे वाक्य मूलच्या बसस्थानकावरही तितक्याच सहजतेने ऐकू येते. मूलच्या माझ्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गुरुजी आहेत. सारी हयात त्यांनी अधिक गुण मिळविणाऱ्याची पाठ थोपटण्यात आणि कमी गुणवाल्याची पाठ निराळ्या प्रकारे हाताळण्यात घालविली. आता दर सोमवारी सकाळी सून त्यांच्या बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब पट्टीवर टेकवते आणि यंत्राच्या काचेवर आकडा उमटेपर्यंतची पाच सेकंदे गुरुजी परीक्षार्थीच्या चेहऱ्याने छताकडे पाहत बसतात. उपाशीपोटी शंभराच्या आत आले तर उत्तम, १२६ वा त्याहून वर गेले आणि पुन्हा तपासूनही तसेच आले तर रोग पक्का, हा हिशेब त्यांना पाठ आहे. पण गुण जितके अधिक तितका विद्यार्थी नापास, ही गुणदानाची पद्धत त्यांच्या शिक्षकी मनाला अजून पटलेली नाही. "एकशे त्रेचाळीस" असे सून म्हणाली की आयुष्यभराच्या सवयीने त्यांचा चेहरा क्षणमात्र उजळतो, आणि मग स्मरण होऊन पडतो.

मानवी देहातील साखरेचा जमाखर्च पाहिला, तर त्यातील काटकसर थक्क करणारी आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त, आणि त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती, तर पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. एवढ्या चमचाभर साखरेवर मेंदूचे राज्य चाललेले असते. आता धानपट्टीतील मध्यम प्रतीच्या भूकवाल्याच्या ताटातला भात तोलला, तर तीनशे ग्रॅम शिजलेला भात सहज भरतो, आणि त्यातून ऐंशी ग्रॅमच्या वर पिष्ट निघते, ज्याची पचनांती साखरच व्हायची असते. चमचाभर शिल्लक असलेल्या खजिन्यात तासा-दोन तासांत सोळा-सतरा चमच्यांचा भरणा येऊन पडतो, आणि तरीही निरोगी माणसाच्या रक्तातला आकडा थोडासा वर चढून पुन्हा खाली येतो. हे घडते कसे, हे ज्यांना पुस्तकावरून उमजत नाही, त्यांनी डिसेंबर-जानेवारीत एखाद्या आधारभूत धान खरेदी केंद्राच्या आवारात जाऊन उभे राहावे.

तेथे दिसते ते असे. रस्त्यावर धानाने भरलेल्या बंड्या आणि ट्रॅक्टर येत असतात. आत गोदामे असतात. आणि गोदामांच्या किल्ल्या कमरेला लावलेला एक कारकून मध्ये बसलेला असतो. रस्ता म्हणजे रक्त, धान म्हणजे साखर, यकृत आणि स्नायू ही गोदामे, आणि स्वादुपिंडातून नेमणूक होऊन आलेला हा कारकून म्हणजे इन्सुलिन. त्याने किल्ली फिरविल्यावाचून स्नायूंच्या गोदामात एक पोते जाईल तर शपथ. चण्याची डाळ, उडीद, भाज्या यांच्या बंड्या जुन्या बैलांच्या चालीने एकेक करून येतात. कारकून पान लावीत लावीत त्यांची नोंद करतो आणि कोणालाही घाम फुटत नाही. परंतु गिरणीत गुळगुळीत केलेला मऊ भात, मुरमुरे, मैद्याचे पाव आणि साखरेचा चहा हे शंभर ट्रॅक्टर एकाच वेळी भोंगे वाजवीत येतात. कारकुनाची त्रेधा उडते, तो आणखी दहा कारकून बोलावतो, सगळे मिळून इतक्या तडफेने माल आत ढकलतात की कधी कधी दोन-तीन तासांनी रस्ता नेहमीपेक्षाही अधिक मोकळा पडतो. आणि रस्ता रिकामा दिसताच मेंदूकडून तगादा सुरू होतो, की माल पाठवा. भरपेट खाऊन पुन्हा चार वाजता जी भूक लागते तिचे मूळ अनेकदा या अतिरेकी कर्तव्यदक्षतेत असते.

पुढची हकीकत खिन्न करणारी आहे. गोदामे भरली की उरलेला माल ओसरीवर, पडवीत, ताडपत्रीखाली जेथे जागा मिळेल तेथे रचावा लागतो. देहाच्या बाबतीत या ताडपत्रीखालच्या राशीला चरबी म्हणतात आणि ती प्रथम पोटाच्या घेराशी दृग्गोचर होते. काही वर्षांनी गोदामातले हमाल कारकुनाच्या हाकेला ओ देईनासे होतात. तो किल्ली फिरवितो, दार किलकिले होते आणि पुन्हा बंद होते. वैद्य यास इन्सुलिनचा प्रतिरोध म्हणतात. मग स्वादुपिंड कारकुनांची संख्या वाढवीत जाते आणि रस्ता कसाबसा मोकळा राहतो, म्हणून वरिष्ठांना काही कळत नाही. आणि एके दिवशी ही सारी कारकून मंडळी थकून रजेवर जाऊ लागते. तेव्हा माल रस्त्यावर साचतो, आणि रक्तातला आकडा १८०च्या वर गेला की मूत्रपिंडांनाही तो माल अडविता येत नाही; तो नाल्यातून वाहून जाऊ लागतो. या वाहून गेलेल्या मालावर मुंग्या जमतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी यंत्रावाचून आणि पट्टीवाचून हेरून ठेवले होते.

हा कारकून प्रथम हाती लागला तो कॅनडातील टोरांटो शहरी, १९२१ साली, बॅन्टिंग आणि बेस्ट या दोघांना. पुढच्या वर्षी जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनची पहिली टोचणी देण्यात आली, आणि संशोधकांनी त्याचा हक्क एकेक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केला. त्याच टोरांटोत साठ वर्षांनी, १९८१ मध्ये, डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या खाद्याची बंडी किती वेगाने येते याची यादी केली. शुद्ध ग्लुकोजला शंभर गुण द्यायचे, आणि पन्नास ग्रॅम पिष्ट किंवा साखर मिळेल इतका पदार्थ खाऊ घालून दोन तासांत रक्तातली साखर त्या मानाने किती चढते ते मोजायचे. हाच तो ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे शर्करा-निर्देशांक. या यादीत तांदळाचा आकडा वाणागणिक बदलतो. कोणी पन्नाशीच्या आसपास तर कोणी नव्वदीच्या घरात. दाण्यात अमायलोज नावाचे सरळ, घट्ट पिष्ट जितके अधिक तितका तो हळू पचतो, आणि भात जितका चिकट तितका तो घाईचा. यादीचा एक विनोद असा, की वैनगंगेच्या वाळूतले टरबूज तीत सत्तरीच्या पुढे, म्हणजे गुन्हेगारांच्या रांगेत जाऊन बसते. वस्तुतः टरबूज बहुतांशी पाणी. त्यातून पन्नास ग्रॅम साखर मिळवायची तर पाऊण किलोच्या आसपास गर एका बैठकीत संपवावा लागेल. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा असे करणारे वीर तेथे आहेत, हे मी नाकारीत नाही. पण त्यांच्या पराक्रमाचा दोष टरबुजावर ठेवणे हा न्याय नव्हे.

पुढे १९९५ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट या विदुषीने याहून मूलगामी प्रश्न विचारला: पोट कशाने भरते? अडतीस पदार्थ निवडले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा केला, विद्यार्थ्यांना खाऊ घातला, आणि दोन तासांपर्यंत दर पंधरा मिनिटांनी "भूक कितपत राहिली?" असे विचारले. पांढऱ्या पावाला शंभर गुण धरले, तेव्हा लोण्याने ओथंबलेली फ्रेंच पावाची चंद्रकोर अवघे ४७ गुण मिळवून तळाशी गेली, केक ६५ वर राहिला, शेंगदाणे ८४ वर अडखळले, मासा २२५ पर्यंत पोचला, आणि सर्वांच्या शिरावर ३२३ गुण घेऊन कोण बसला असेल, तर उकडलेला आलू! ज्या आलूला जेन्किन्सची यादी साखर भरभर वाढवितो म्हणून हद्दपार करते, त्यालाच होल्टबाईंची यादी तृप्तीचा मुकुट चढविते. दोन वर्षांनी त्याच विद्यापीठाने तिसरी यादी केली; तीत इन्सुलिन किती सुटते ते मोजले. तेव्हा असे निघाले की मासा साखर फारशी वाढवीत नाही, तरी इन्सुलिन मागवितो; आणि गोड केलेले दही साखरेच्या मानाने इन्सुलिन कितीतरी अधिक मागविते. एकाच प्रकरणी तीन कचेऱ्यांतून तीन हुकूम निघाले की सामान्य माणूस जे करतो तेच येथेही झाले: ज्याला जो हुकूम सोयीचा, त्याने तो उचलला.

झाडीपट्टीला सोयीचा हुकूम कोणता, हे सांगायला नको. होल्टबाईंच्या यादीत पांढऱ्या भाताला १३८ गुण आहेत, म्हणजे पावापेक्षा अडतीस अधिक. आणि कोंड्यासकटच्या तपकिरी भाताला १३२. ही वार्ता मी मूलच्या गुरुजींच्या कानी घातली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढविला, आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "ऐकलीस का? सिडनीची साक्ष आहे." सून त्या वेळी लाखोळीच्या डाळीला फोडणी देत होती. तिने मागे न पाहता विचारले, "सिडनीवाल्यांनी किती खाल्ला होता जी?" गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. २४० कॅलरींचा भात म्हणजे दीड-पावणेदोन वाट्या. गुरुजींच्या ताटात ती केवळ प्रस्तावना असते.

या सर्व याद्यांमधील खरे वैगुण्य सुनेच्या त्या एका प्रश्नात उघडे पडले, असे माझे मत आहे. प्रयोगशाळेतला मनुष्य पदार्थ एकटा खातो, मोजून खातो आणि खाऊन खुर्चीवर बसून राहतो. झाडीपट्टीतला भात एकटा कधीच येत नसे. त्याच्याबरोबर लाखोळीचे किंवा तुरीचे वरण, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, बांबूचे वास्ते, वारुळाजवळ उगवलेले टेकोडे, बोडीतली मासोळी असा लवाजमा असे, आणि डाळीतली प्रथिने, भाजीतला चोथा, माशातली चरबी हे सर्वजण भाताच्या बैलांच्या कासऱ्याला लोंबकळून त्याची चाल संथ करीत. भाजी आणि वरण आधी खाऊन भात मागून खाल्ला, तर साखर पुष्कळ कमी चढते, हे आता प्रयोगांनी दाखविले आहे. उकळून सुकविलेल्या धानाचा तांदूळ साध्या तांदळापेक्षा बहुधा संथ. रात्री उरलेला भात गार झाला की त्यातील काही पिष्ट पुन्हा घट्ट होऊन पचनाला दाद देत नाही, म्हणून सकाळी शिळा भात खाऊन बांधीवर जाणाऱ्या बाईचे शास्त्र शुद्ध होते, तिने ते शास्त्र म्हणून कधी सांगितले नाही एवढेच. आणि मुख्य म्हणजे ती जाऊन बसत नसे. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसभर ओणवे राहून पऱ्हे लावणाऱ्या माणसाचे स्नायू काम चालू असता इन्सुलिनच्या किल्लीचीही फारशी वाट पाहत नाहीत. ते दारे आपणच उघडून साखर ओढून घेतात. तो भात त्या कष्टाच्या मापाचा होता. पुढे कष्ट ट्रॅक्टरने आणि मोटारसायकलने नेले, उखळ-मुसळ गिरणीने नेले, कोसरी-कुटकी स्वस्त तांदळाने नेली, दोनाचे सहा चहा झाले. माप मात्र आजोबांचेच राहिले. तात्पर्य, भात बदलला थोडा, बैठक बदलली फार, आणि दोषारोपपत्र निघाले ते एकट्या भातावर.

आता ज्या एका घटकाची नोंद टोरांटोच्या यादीत नाही आणि सिडनीच्याही नाही, त्याकडे वळतो. तो घटक म्हणजे आग्रह. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. जठर ताणले जाते, आतड्यातून निरनिराळे संप्रेरक सुटतात, घ्रेलिन नावाचा भुकेचा भालदार माघार घेतो, आणि हे सर्व होऊन "पुरे" असा शेरा उमटेपर्यंत वीसएक मिनिटे जातात. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, पंगतीत वीस मिनिटांत काय काय घडू शकते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या विलंबाचे गांभीर्य कळेल. वाढप्याची भाताची परात पाहुण्यासमोर येते. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो. येथपासून जी कारवाई सुरू होते तिचे टप्पे ठरलेले आहेत. प्रथम विनंती: "घ्या जी, थोडासाच." मग शंका: "काहून, मीठ कमी झाला का?" मग नात्याचा हवाला: "भाटव्यानं नाही म्हनलं त माय काय म्हनन?" मग शपथ. आणि शपथेनेही हात हलला नाही, तर बोटांच्या फटीतून भात. एका अशाच पंगतीत माझ्या शेजारच्या गृहस्थांनी धीर करून शेवटचे अस्त्र काढले आणि म्हणाले, "मले शुगर आहे." वाढपी क्षणभर थबकला. त्याच्या मुखावर खरीखुरी कणव दाटली. त्याने जिलेबीचे ताट घेऊन येणाऱ्या पोराला हाताने थोपविले, "यायले गोड नको देऊ रे, शुगर आहे यायले," असे बजावले, आणि मग आश्वासक स्वरात म्हणाला, "मंग भातच घ्या जी. भातात कुठं साखर राहते?" असे म्हणून त्याने परात तिरपी केली.

त्या रात्री नाटक होते, हे निराळे सांगायला नको; मंडई आणि नाटक यांचा समवाय झाडीपट्टीत अभेद्य आहे. वडशाच्या मंडळ्यांची नाटके रात्री दहाच्या पुढे सुरू होतात आणि उजाडता संपतात. अपुऱ्या झोपेने भूक वाढविणारे घ्रेलिन चढते आणि तृप्तीचे लेप्टिन उतरते, असा निष्कर्ष परदेशी शास्त्रज्ञांनी माणसांना मुद्दाम जागवून काढला. त्यांनी एवढा खटाटोप न करता पौष महिन्यातल्या कोणत्याही रात्री दुसऱ्या अंकानंतर मंडपाबाहेर येऊन उभे राहायचे होते. नायिकेचा बाप रंगमंचावर प्राण सोडतो, दोन हजार डोळे पाणावतात, आणि पडदा पडताच तेच प्रेक्षक, जे आठ वाजता आग्रहाने घायाळ होऊन उठले होते, ते आलूबोंड्यांच्या कढईभोवती अशा आवेशाने गोळा होतात की जणू मृत गृहस्थाच्या पश्चात त्यांना कोणी वालीच उरला नाही. पहाटे साखरेचा चहा होतो. शेजारचे शुगरवाले गृहस्थ तेथेही होते. त्यांनी चहावाल्यास "साखर कमी" असे निक्षून सांगितले आणि चहाबरोबर मुरमुऱ्यांची पुडी घेतली. मुरमुरे हलके असतात, हे त्यांचे म्हणणे वजनाच्या दृष्टीने खरे होते. रक्तात मात्र ते भातापेक्षाही घाईने उतरतात. गूळ साखरेपेक्षा निर्दोष आहे, हा असाच आणखी एक जिव्हाळ्याचा समज; इन्सुलिनच्या दरबारी गुळाला रंगावरून सवलत मिळत नाही.

भूक मारण्याचा एक स्थानिक उपाय या दोन्ही जिल्ह्यांत मुबलक आहे, तो म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून गालात धरला की दुपार भुकेवाचून निघते. परंतु ही तृप्ती नव्हे, तृप्तीचा बनावट दाखला आहे. निकोटीन इन्सुलिनचा प्रतिरोध वाढविते, आणि तोंडाच्या कर्करोगाचे भय निराळेच. २०१६ पासून गडचिरोलीत 'मुक्तिपथ' ही मोहीम दारू आणि तंबाखू यांच्याविरुद्ध चालली आहे, यावरून या दाखल्याचा खप किती असेल ते समजावे.

या सगळ्या मतामतांच्या गलबल्यात मला सुश्रुताचा सल्ला फार मनोज्ञ वाटतो. प्रमेहाच्या चिकित्सेत त्याने निर्धन रोग्याला सांगितले आहे की त्याने मुनीप्रमाणे, एका गावी एकच रात्र राहून, शंभर योजने चालावे. आणि मोठ्या धनवंताला सांगितले आहे की त्याने सावा, देवभात यांसारखी रानची धान्ये आणि आवळा, कवठ, तेंदू अशी फळे खाऊन हरणांच्या सहवासात राहावे. कोणी नांगर धरावा, कोणी विहीर खणावी. भामरागड-एटापल्लीकडचे अरण्य ज्याने पाहिले आहे, त्याला हा मजकूर वाचून हसू आवरणार नाही. सुश्रुताने श्रीमंत रोग्याला दिलेली शिक्षा ही तेथील माडिया माणसाची नित्याची दिनचर्या! तेंदूची फळे, कोसरीची पेज, लाल मुंग्यांची चटणी, आणि हाटाला जायचे तर डोंगर ओलांडून पायी. आज ताडोब्याला वाघ पाहायला येणारे धनिक हरणांच्या सहवासात राहण्याचे पैसे मोजतात खरे. पण उघड्या जिप्सीत बसून राहतात आणि विश्रामगृहावर परतल्यावर बशा भरभरून खातात, म्हणजे सुश्रुताचा अर्धाच हुकूम पाळतात, आणि तोही सोपा अर्धा.

येथे विनोद क्षणभर बाजूला ठेवावा लागतो. कारण त्याच अरण्यात, पोट फार भरण्याची नव्हे तर न भरण्याची कथा जुनी आहे. आणि या दोन कथा एकमेकींपासून दूर नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये एका इंग्रज सहकाऱ्याबरोबरचे आपले छायाचित्र छापले होते. दोघांची उंचीच्या मानाने वजने अगदी सारखी, निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, ही भारतीय देहाची रीत आईच्या पोटातील उपासमारीपासून सुरू होते, असे त्यांचे दीर्घ संशोधन सांगते. ज्या बाळाच्या वाट्याला गर्भात टंचाई आली, त्याची गोदामे लहान बांधली जातात आणि कारकूनही मोजकेच नेमले जातात; पुढे त्याच्या दाराशी एकाएकी सुबत्तेचे ट्रॅक्टर उभे राहिले की व्यवस्था लवकर कोलमडते. म्हणून गडचिरोलीतील गरोदर बाईच्या ताटात डाळ, अंडे आणि पालेभाजी पडणे हाही मधुमेहाचाच प्रतिबंध आहे, आणि कदाचित सर्वांत स्वस्त. आणखी एक गोष्ट या भागातील वाचकाने ध्यानी ठेवावी: येथे सिकलसेलचे प्रमाण अधिक आहे, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर विसंबते. सिकलसेलमध्ये पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा असावा त्याहून कमी दिसू शकतो. अशा रोग्याने तो आकडा पाहून पेढे वाटू नयेत. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहून घ्यावी.

तेव्हा झाडीपट्टीतील समस्त यजमानांस माझा अर्ज एवढाच आहे. भात शिजवा, एचएमटीचा शिजवा, त्याचा सुगंध बांधीपलीकडे जाऊ द्या. मात्र पानात आधी भाजी आणि वरण वाढा, डाळ सढळ हाताने आणि भात बेताने, आणि पंगत उठल्यावर पाहुण्याला लगेच खाटेवर न लोटता तलावाच्या पाळीपर्यंत चालवून आणा. तो ताटावर हात आडवा धरील, तेव्हा तो हात संकोच न समजता वैद्याचा दाखला समजा आणि परात पुढे न्या. पाहुण्यांस विनंती ही, की तिशी ओलांडली असेल तर मंडईला निघण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. तिला एक थेंब रक्त आणि पाच सेकंदे लागतात, आणि तेथे कोणी आग्रह करीत नाही.